उजवीकडचं वळण

२०२३ च्या दिवाळीत आमच्या घरात गुलमर्गचा बेत ठरला आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरहून नणंदेचा आक्षेप आला. "पाच रात्री एकाच ठिकाणी? मग बाकीचं कधी बघणार?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आपण मराठी माणसं सहलीला जातो ती पॉइंट बघायला. महाबळेश्वरला आर्थर सीट, केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त. यातला एखादा राहिला, तर परतल्यावर शेजारी हटकून त्याच्याबद्दलच विचारतात. स्वित्झर्लंडलाही आपण तसेच जातो. फिरत्या केबल कारने टिटलिसवर चढायचं, शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी उभं राहायचं, मूठभर बर्फ एकमेकांच्या अंगावर टाकायचा आणि जेवणाच्या वेळेला खाली बसपाशी हजर. बर्फ हाही एक पॉइंटच.

स्कीइंगमध्ये बघण्यासारखं काही नसतं. एकाच उतारावर सकाळभर पडायचं, दुपारी पुन्हा पडायचं, आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी आपण पडलो नाही हे खाली पोचल्यावर लक्षात यायचं. ठाण्यातल्या एका प्रवास कंपनीच्या काउंटरवर मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्याकडे सहा रात्रींचा तयार आराखडा होता : श्रीनगर, हाउसबोट, पहलगाम, आणि गुलमर्गला एक रात्र. 'स्कीइंग (ऐच्छिक)' या ओळीसमोर एक तास. तासाभरात काय होतं ते मी नंतर तिथेच पाहिलं. भाड्याचा ओव्हरकोट घातलेल्या माणसाच्या पायांना कोणीतरी स्की अडकवतो, काखेत हात घालून दहा पावलं सरकवतो, फोटो काढतो, स्की सोडवतो. आराखडा उलटा करून द्या, म्हटलं. पाच रात्री गुलमर्ग, शेवटची एक श्रीनगर. काउंटरवरच्या मुलीने पुन्हा विचारलं, "मॅडम, नक्की?"

गुलमर्गच का, हा प्रश्न घरात फार चालला नाही. सोलांगला फेब्रुवारीत गर्दी बर्फाहून जास्त. औलीचे उतार शिकाऊ माणसाला उत्तम, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली आणि तिथून वर जाणारा रोपवे बंद पडला. गुलमर्गचं मैदानच सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोल्याचा पहिला टप्पा ३,००० मीटरच्या पलीकडे कोंगदूरीला नेतो आणि दुसरा थेट अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. इतकी उंची आयती हाताशी देणारा पाळणा जगात थोड्या ठिकाणी आहे, म्हणून थेट युरोपातून माणसं स्की खांद्यावर टाकून इथे येतात. आम्हाला अर्थात अफरवाटवरून उतरायचं नव्हतं. खालच्या गोल्फ कोर्सच्या कडेचा, आपल्याकडे मुलं टायर ढकलतील इतपत उतार आम्हाला पुरेसा होता.

खरी अडचण तारखांची.

आपल्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात. नोव्हेंबरात गुलमर्गला बर्फ पडलाच तर भुरभुर, आणि मेमध्ये तिथे गवत उगवतं. काश्मीरचा कडक हिवाळा २१ डिसेंबरला सुरू होतो. पहिले चाळीस दिवस चिल्लई कलां, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. स्कीला लायक, खाली घट्ट बसलेला आणि वर मऊ असा थर साधारण जानेवारीच्या शेवटाला तयार होतो आणि फेब्रुवारीभर टिकतो. म्हणजे नेमका आपल्याकडे प्रॅक्टिकल्स, प्रिलिम आणि 'आता टीव्ही बंद' यांचा महिना. स्वित्झर्लंडमध्ये याच सुमाराला शाळांना चक्क क्रीडासुट्टी असते. तिचं मूळ खेळात नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळसा वाचवायला शाळा बंद ठेवल्या, मुलं डोंगरावर गेली आणि सुट्टी चिकटून राहिली. फ्रान्समध्ये तर हिवाळी सुट्टी देशाचे तीन भाग करून पाळीपाळीने देतात.

आमच्यासमोर मात्र लेकीच्या वर्गशिक्षिकेला लिहायचा अर्ज होता. लेक तेव्हा नववीत. "पुढच्या वर्षी दहावी आहे, त्यामुळे आत्ताच," असं मी अर्जात लिहिलं आणि मग खोडलं, कारण शाळेच्या लेखी दहावी नववीतच सुरू होते. शेवटी 'कौटुंबिक कारण' हा मराठी पालकांचा जुना आसरा घेतला. धाकटा तिसरीत; त्याच्यासाठी कारणच लागलं नाही.

१० फेब्रुवारी २०२४ चं विमान घेतलं, हॉटेल भरलं, आणि जानेवारी उजाडला तो कोरडा. त्या महिन्यात गुलमर्गचे जे फोटो येत होते ते पाहून पोटात गोळा यायचा. जिथे कमरेएवढा बर्फ असायला हवा तिथे पिवळं गवत आणि उघडी माती. चिल्लई कलांचे दिवस एकेक करून संपत चालले होते. काश्मीरला हिवाळ्यात बर्फ देतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन ते इराण-अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि पीर पंजालला अडतात. तेच पुढे सरकले की मागून उत्तरेचे थंड वारे सुटतात आणि आपल्याकडे निफाडचा पारा घसरतो. तेव्हापासून मी हवामानाच्या बातम्यांत निफाड शोधायला लागले. द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवायला लागले की मला बरं वाटायचं. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला बांधावर उभं केलं नसतं.

सरकारचंही आमच्यासारखंच झालं. त्या वर्षीच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलून २१ ते २५ फेब्रुवारीला घ्यावा लागला. (पुढच्या वर्षी, २०२५ मध्येही, तो फेब्रुवारीतून मार्चवर गेला.) नवरा रोज विचारायचा, "रद्द केलं तर किती परत?" हॉटेलच्या अटी मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचल्या. बर्फ न पडणे हे पैसे परत मिळायचं कारण नव्हतं. विम्याची कागदपत्रं काढली, तर आमच्या पॉलिसीत स्कीइंग साहसी खेळांच्या यादीत, म्हणजे वेगळा हप्ता भरल्याशिवाय वगळलेलं. या दोन गोष्टी बुकिंगच्या आधी वाचायच्या असतात. मी नंतर वाचल्या.

जानेवारीच्या अखेरीस एकदाचा बर्फ पडला. भरपूर पडला.

गुलमर्गला राहायच्या हौसेचा इतिहास जुना आहे. नेडू कुटुंबाने १८८८ मध्ये इथे हॉटेल काढलं. साहेब लोक उन्हाळ्यात यायचे, गोल्फ खेळायचे. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. हायलँड्स पार्क हॉटेल १९६० च्या दशकातलं. आणि २०१२ च्या डिसेंबरात खैबर उघडलं, तेव्हापासून पंचतारांकित हिवाळा ही चीज इथे आली : काचेआडचा गरम पाण्याचा तलाव, त्याच्या पलीकडे देवदार आणि बर्फ. हिवाळ्यात डोंगरावर चैनीला जायची कल्पना मुळात एका हॉटेलवाल्याच्या पैजेतून निघाली असं सांगतात. १८६४ मध्ये सेंट मॉरित्झच्या योहानेस बाड्रुटने आपल्या इंग्रज पाहुण्यांना म्हटलं, थंडीत येऊन पाहा, आवडलं नाही तर खर्च माझा. ती मंडळी आली आणि वसंत ऋतूपर्यंत हलली नाहीत. आमच्या हॉटेलने अशी पैज लावली नाही.

आम्ही कुठे उतरलो ते लिहीत नाही, आकडाही लिहीत नाही. एवढंच, की त्या रकमेत आमचं पाच जणांचं घर गणपतीपुळ्याला पंधरा दिवस आरामात राहून मासे खाऊन आलं असतं. सासूबाईंनी विमानात आकडा विचारला. नवऱ्याने निम्मा सांगितला. त्यालाही त्या "अगंबाई" म्हणाल्या.

तरी हा पैसा कुठे उपयोगी पडतो हे तिथे गेल्यावर कळतं, आणि ते माहितीपत्रकात नसतं. झुंबर, गालिचा, अक्रोडाच्या लाकडाचं नक्षीकाम हे सगळं छानच. पण स्कीचे बूट एकदा पायात घातले की लिफ्टपासून हॉटेल किती पावलांवर आहे, हा एकच प्रश्न उरतो. ते बूट म्हणजे प्लास्टिकचं प्लास्टर. घोटा वाकत नाही, पाऊल पडतं ते टाच आपटून, आणि खांद्यावर स्की असतात. दोनशे पावलं आणि आठशे पावलं यांत पूर्ण दिवसाचा फरक पडतो. दुसरी गोष्ट, रात्री बूट आणि हातमोजे वाळवायची सोय. ओला मोजा सकाळी पुन्हा चढवण्याइतकं दुःख थोडंच. तिसरी, वीज गेल्यावर खोल्या गरम राहतात का फक्त लॉबी. हे तीन प्रश्न फोनवर विचारावेत. उत्तर द्यायला समोरचा किती अडखळतो त्यावरून बरंच कळतं.

आणि चौथा प्रश्न, जो मी कागदावर सर्वांत वर लिहिला होता. घरातलं जे माणूस स्की करणार नाही ते दिवसभर काय करणार?

सासूबाई त्र्याहत्तरच्या, गुडघे आणि रक्तदाब दोन्ही सांभाळून असलेल्या. अडीच हजार मीटरच्या वर काहींना विरळ हवा बाधते : डोकं दुखतं, झोप येत नाही, भूक मरते. डॉक्टरांनी सांगितलं, पहिला दिवस नुसतं पडून राहा, पाणी पीत राहा, पहिल्या टप्प्याच्या वर जाऊ नका. म्हणून त्यांच्यासाठी खिडकी बघूनच खोली घेतली होती. त्या खिडकीतून टेकडीवरचं लाल छपराचं शिवमंदिर दिसायचं. १९१५ मध्ये बांधलेलं महाराणीचं देऊळ. 'आप की कसम'मधल्या राजेश खन्ना-मुमताजच्या भांगेच्या गाण्यातलं. सासूबाईंनी तो सिनेमा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलेला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी खुर्ची वळवून घेतली आणि पाचही दिवस ती तशीच राहिली.

त्यांची तक्रार एकच, चहाची. "गरमच नाही होत हा." खोलीतल्या किटलीत पाणी खळखळ उकळत होतं, पण त्या उंचीवर ते ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. लेकीने विज्ञानाच्या पुस्तकातलं कारण सांगितलं. "म्हणजे वरणही शिजणार नाही इथे," त्या म्हणाल्या, आणि बॅगेतून मेतकूट काढलं. पुढे रोज रात्री त्या पंचतारांकित भोजनगृहात काश्मिरी वेटर गंभीर चेहऱ्याने मऊ भात आणि तूप वेगळं घेऊन यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने मेतकूट चाखून पाहिलं. कहवा मात्र त्यांना आवडला. "केशर घालतात, बदाम घालतात, दूध घालत नाहीत. उपासाला चालेल."

श्रीनगरहून येताना टंगमर्गला गाडी थांबली होती. तिथून वरचे तेरा किलोमीटर बर्फाचा घाट. चाकांना साखळ्या बांधलेल्या स्थानिक गाडीत सामान हलवायचं. तिथेच दुकानांत गमबूट आणि केसाळ कोट भाड्याने मिळतात आणि ड्रायव्हर मोठ्या आपुलकीने दारात नेऊन सोडतात. आम्ही कपडे घरूनच आणले होते. त्याची एक युक्ती आहे : अंगालगत सुती काही नको. घाम मुरतो, वाळत नाही आणि तोच गारठवतो. आत घाम बाहेर टाकणारं, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं. मोजा एकच, लांब. दोन घातले की आत घडी पडते आणि पाय सोलतो. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांपाशीही, कारण बर्फावरून ऊन उलटं येतं. नवऱ्याने हे हसण्यावारी नेलं आणि पुढचा आठवडाभर ऑफिसात लोक त्याला नाकाचं काय झालं विचारत होते. मोबाइलही घरूनच बघून न्यावा. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं.

पहिल्या सकाळी स्की भाड्याने देणाऱ्या खोलीत एक प्रसंग घडला. बूट आणि स्की यांना जोडणारी एक पकड असते. आपण पडलो की ती सुटली पाहिजे, नाहीतर पाय पिरगळतो. आणि उगाच सुटताही कामा नये. ती किती घट्ट ठेवायची हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि माणूस किती शिकलेला आहे यावरून ठरतं. दुकानातला मुलगा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसला होता. "वज़न?" त्याने विचारलं. आमची लेक, चौदा वर्षांची, गप्प. खोलीत आणखी सात-आठ माणसं. "वज़न बताइए." तिने एक आकडा सांगितला. मी तिच्याकडे पाहिलं. मुलाने स्क्रू फिरवायला घेतला, तेव्हा मी वाकून तिच्या कानात म्हटलं की खोटं सांगितलंस तर पकड लवकर सुटेल, धड उतार संपायच्या आधी. ती लाल झाली. मग स्वतः खाली वाकली आणि त्याच्या कानात खरा आकडा पुटपुटली. त्याने मान हलवून स्क्रू थोडा पुढे नेला, तोंडातून शब्द न काढता. शिक्षकाला बक्षीस द्यायची रीत आहे; मी त्या मुलालाही दिलं.

आमचे शिक्षक टंगमर्गच्या बाजूचे. वर्षाकाठी तीन महिने बर्फ, तेवढीच कमाई. उरलेले महिने सफरचंदं आणि मिळेल ते. याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. शिक्षकांना आरिफचं नाव घेताना पाहिलं तर वाटायचं, सांगलीत विजय हजारेंबद्दल असंच बोलत असतील. ज्याला खरंच शिकायचं आणि खर्च आवरायचा आहे त्याच्यासाठी इथेच केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे. वसतिगृह, शिस्त, दोन आठवड्यांच्या आसपासचा कोर्स. माझ्या मते, विशीतल्या मुलांनी तिथेच जावं. गालिचे पुढे कधीतरी बघता येतात.

धाकटा दुपारपर्यंत उतरायला लागला. मुलांचा गुरुत्वमध्य खाली, भीती कमी. मला दोन दिवस लागले. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी गुडघा धरला आणि उरलेला मुक्काम तरणतलावात काढला; तोही पैसा वसूलच. लेकीचं मात्र विचित्र झालं. तिला डावीकडे वळता यायचं, उजवीकडे नाही.

स्कीची टोकं पुढे जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, उलटा व्ही करायचा. म्हणजे वेग आवरतो. त्याच स्थितीत उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो. उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर भार द्यावा लागतो. सातवीत खो-खो खेळताना तिचा डावा घोटा मुरगळलेला. घोटा कधीच बरा झाला होता, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे आम्हाला ठाण्यात दोन वर्षं कळलं नव्हतं. शिक्षकांनी वीस मिनिटांत ओळखलं. "बेटा, लेफ़्ट पे खड़े हो जाओ. टूटेगा नहीं." ती उभी राहायची, अर्धं वळण घ्यायची आणि बसकण मारायची. लिफ्टची दोरी धरून पुन्हा वर. पाचव्या दिवशी एकदा, फक्त एकदा, ती उजवीकडे वळली, आणि वळली हे कळताच बावरून पडली. त्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला नाही.

सासूबाईंना शेवटच्या दिवशी देवळापर्यंत जायचं होतं. स्लेजवाले मागे लागलेले. "माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही," त्या ठाम. स्लेजवाला साठीचा असेल, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरलेली. "अम्मा, आप नहीं बैठोगी तो मेरा आज का दिन गया." त्या थबकल्या. मग स्लेजवर आपली पर्स आणि शाल ठेवली, त्याचा हात धरला आणि पायऱ्यांच्या तळापर्यंत हळूहळू चालत गेल्या. पूर्ण भाडं दिलं. वर चढता आलं नाही. खालूनच नमस्कार केला.

आम्ही १६ फेब्रुवारीला परतलो. २२ तारखेला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमकडा कोसळला आणि एक रशियन स्कीअर मरण पावला. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला, अफरवाटवर दोन पोलिश स्कीअर असेच गेले होते. वरचे उतार रांधून दिलेले नसतात. ज्यांना तिथे जायचं त्यांच्याकडे गाडलं गेल्यास शोध लागावा म्हणून बीकन, लांब सळई आणि फावडं असतं, सोबत वाटाड्या असतो. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने खालीच राहावं. वारा चढला की गोंडोला थांबवतात तेव्हाही कुरकुर करू नये. जून २०१७ मध्ये झाड तारेवर पडून सात जणांचा जीव गेला तो वाऱ्याचाच दिवस होता. जूनमध्येच, २०२४ च्या पाच तारखेला, सासूबाईंचं देऊळ आगीत जळालं. त्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि आवाज बंद करायला सांगितला.

२०२५ चा हिवाळा दहावीने खाल्ला. परीक्षा संपली आणि २२ एप्रिलला पहलगाम घडलं, बैसरनच्या कुरणात पर्यटकांवर दहशतवादी हल्ला. महाराष्ट्रातले सहा जण गेले, त्यांतले तिघं आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. नणंदेच्या आग्रहाने आमच्या पहिल्या आराखड्यात बैसरन होतं. मी ते खोडलं होतं, का तर तिथे स्की करता येत नाही. काश्मीरमधली कितीतरी ठिकाणं त्यानंतर काही महिने बंद होती. शिक्षकांना मी फोन केला तेव्हा पहिली दोन मिनिटं आम्ही दोघंही फक्त एकमेकांच्या मुलांची चौकशी करत राहिलो.

आता लेक अकरावीत आहे. पुढच्या वर्षी बारावी, म्हणजे पुन्हा एकच फेब्रुवारी मोकळा. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते, त्यामुळे बर्फात विमान रद्द झालं तरी परतायची दुसरी वाट आहे, हे नवऱ्याने स्वतःहून शोधून काढलं. तो गुडघ्याबद्दल काही बोलत नाही. मी अजून पैसे भरलेले नाहीत. सासूबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. देऊळ पुन्हा बांधलं का, एवढंच विचारलं. आणि परवा घरच्या ग्रुपवर नणंदेचा मेसेज आला : "पुन्हा तिथेच? बघायचं काय राहिलंय तुमचं?"

लेकीने उत्तर टाकलं, "आत्या, राइट टर्न."

आत्याला वाटलं तो एखादा पॉइंट असेल. तिने विचारलं, तिथे घोडे जातात का.